धुऱ्याला टेकलेलं गाणं

मंगळवारी दुपारी नीतू एका ब्लाउजच्या बाहीला अस्तर लावत बसली होती आणि मशीनवर ठेवलेला फोन थरथरला. तिनं सुई पदराला टोचली आणि बघितलं. शेजारच्या रिंकूच्या हळदीत ती गायली होती, त्याचा व्हिडिओ तिनं आदल्या संध्याकाळी टाकला होता. मागं डीजेवर तिचीच बावीस वर्षांपूर्वीची कॅसेट वाजतेय आणि पुढं हातात माईक घेऊन ती स्वतः त्या आवाजात आवाज मिसळून गातेय, एकेचाळीस वर्षांची, पदर कमरेला खोचलेली. आता त्याखाली लिहून आलं होतं की यातला आवाज बंद केला आहे, कारण हे गाणं दुसऱ्याच्या मालकीचं आहे. तिनं व्हिडिओ लावला. बाया नाचत होत्या, हळदीचं ताट हलत होतं, नीतू तोंड उघडत होती, मिटत होती, मान डोलावत होती आणि आवाज कशाचाच नाही. तिनं फोन कानाला लावून बघितला. मग तिला हसूच फुटलं. एकटीच खुदुखुदु हसत बसली बाई. हसता हसता मधेच गप्प झाली, घसा खाकरला आणि कुणी हाक मारली नव्हती तरी "ओ" म्हणाली. ओ नीट आला. तरी तिनं तांब्याभर पाणी पिऊन टाकलं.

आता ज्या गाण्याबद्दल हे चाललं होतं ते काही ऐरंगैरं गाणं नव्हतं. आपल्याकडं लग्न असो, बारसं असो, की कुणाची टुरी बारावी पास होवो, 'पाय मांगं टाक' वाजल्याशिवाय पंगत उठत नाही. गोरेगावच्या आठवडी बाजारात पेनड्राइव्हवाला सकाळपासून तेच लावून बसतो. चिचगडच्या रस्त्यावरच्या काळीपिवळीत ड्रायव्हर तेच लावतो आणि मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्या पायानं ठेका धरतात. 'रोवणा आला' ही धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, रोवताना म्हणायच्या गाण्यांची कॅसेट, तिच्यातलं ते पहिलं गाणं. पाय मांगं टाक वं बाई, पऱ्हा पुढं रोव, सासूबाईच्या चाव्या माझ्या कमरेले खोव. एवढंच धृपद. पण शेवटच्या खेपेला ते येतं तेव्हा 'सासूबाईच्या चाव्या' एवढं म्हणून गाणं मधल्यामधे थांबतं. ढोलकी थांबते, बाया थांबतात, दोन श्वास काहीच नाही. मग बायांचा एक लांब 'होऽऽ', पाठ मोकळी केल्यासारखा, आणि गाणं जिथं सोडलं तिथूनच पुन्हा उचललं जातं. मांडवातली झाडून सगळी माणसं त्या जागी कमरेवर हात ठेवून, मान मागं टाकून उभी राहतात, नवरदेवासकट. लोक त्या जागेला धुरा म्हणतात. गुडघे दुखणारे म्हातारेसुद्धा सांगून ठेवतात, धुरा आला की मले उठव गा. बाहेरगावचे पाहुणे नीतूला विचारतात, काय कल्पना आहे, कुणाला सुचली. नीतू नुसती हसते. सुचली कुणालाच नव्हती. ती चूक होती.

ती चूक ज्या दिवशी झाली तो दिवस नीतूला नाकानं आठवतो. कोंड्याचा वास, बारदान्याचा वास, आणि सहा बायांच्या अंबाड्यांतल्या खोबरेल तेलाचा. ती एकोणीस वर्षांची होती. गोंदियाच्या बाजारात मुन्नालालचं कॅसेटचं दुकान होतं, त्यानं तिला एका मेळाव्यात ऐकलं आणि डोळे मिटून म्हणाला, "बेटा, इस गले को डिब्बे में बंद करना पड़ेगा." तेव्हा ते कौतुकच वाटलं होतं. त्याच्याकडं स्टुडिओ कुठला, पण मेव्हण्याची राईस मिल होती आणि मिलचं गोदाम होतं. चारी बाजूंनी धानाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, छपरापर्यंत रचलेले, आत बोललेलं आतच जिरायचं, कुठं घुमायचं नाही. इटियाडोहच्या कालव्याकाठच्या गावातून नीतूची आई सुमित्राबाई आली, मोठी आई, म्हणजे थोरली चुलती, सुशिलाबाई आली, आणखी चौघीजणी आल्या, सगळ्या रोवणीतल्या. आणि अर्धा दिवस गाणं काही केल्या होईना. बायांना रांगेत उभं केलं की त्यांचा आवाज देवळात आल्यासारखा व्हायचा. मुन्नालाल घामाघूम. शेवटी सुमित्राबाई वैतागली. "उभ्यानं कायले गावाव जी? आमी का आरती म्हणाले आलो?" असं म्हणून तिनं लुगडं वर खोचलं, कमरेत वाकली आणि हवेतच पऱ्हे रोवत मागं मागं सरकायला लागली. तिच्या मागं, म्हणजे तिच्या शेजारी, बाकीच्या वाकल्या. आणि गाणं धो धो सुटलं.

रोवणीत बाई पुढं जात नाही. समोरच्या चिखलात पऱ्हा रोवायचा आणि पाय मागं टाकायचा, पुन्हा रोवायचा, पुन्हा मागं. मागं काय आहे ते दिसत नाही, टाचेला कळतं. टाच धुऱ्याला, म्हणजे धानाच्या बांधीच्या कडेच्या मातीला लागली, की पात संपली. मग गाणं ज्या शब्दावर असेल तिथं टाकून द्यायचं, कंबर सरळ करायची, होऽऽ करून पोटातला वारा सोडायचा, दुसऱ्या पातीला लागायचं आणि गाणं जिथं टाकलं तिथून उचलायचं. पहिल्यापासून कोणी सुरू करत नाही, तेवढा वेळ असतो कुणाला. त्या दिवशी मुन्नालाल माईक हातात धरून बायांच्या तोंडासमोर पुढं पुढं येत होता आणि बाया गात गात मागं मागं जात होत्या, नीतू मधोमध. ढोलकीवाला एका कोपऱ्यात. 'सासूबाईच्या चाव्या' म्हणाल्या आणि सहाच्या सहा पाठी, नीतूची सातवी, मागच्या कट्ट्यांना टेकल्या. अंगाला वाटलं धुरा आला. सगळ्याजणी ताठ उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवले आणि होऽऽ केलं. त्यांच्याकडं बघून ढोलकीवालाही थांबला. मग ज्या गावाची जशी रीत, 'माझ्या कमरेले खोव' म्हणून पुढं. गाणं संपल्यावर नीतूच्या लक्षात आलं आणि तिनं तोंडावर हात मारला. मुन्नालालनं डोक्यावर हात मारला. दुसरी फीत शिल्लक नव्हती आणि मिलवाल्याला गोदाम रिकामं करून पाहिजे होतं. "जाने दो, कौन सुनता है," मुन्नालाल म्हणाला. सगळ्या जिल्ह्यानं ऐकलं.

बारदान्याचं ते पाठीला टोचणं, तो मोकळा सुटलेला श्वास, आणि त्यानंतर एका कट्ट्यावर कागद ठेवून तिनं केलेली सही. कट्टा मऊ, पेन कागदातून आरपार धानात गेलं होतं. त्या भोकाचं सगळ्यांना हसू आलं होतं. 'कॅसेट काढायची तर एवढं लागतं बेटा' असं मुन्नालालनं सांगितलं आणि ते खरंच होतं, तो काही लबाड माणूस नव्हता. पुढच्या दोन कॅसेटींच्या वेळीही तिनं तशाच सह्या केल्या. त्यानं प्रत्येक बाईला लुगडं घेऊन दिलं, पहिली कॅसेट नीतूच्या हातात देताना त्याच्याच डोळ्यांत पाणी आलं. मग कॅसेटीच गेल्या, दुकान गेलं, मुन्नालाल गेला आणि त्याच्या मुलांनी सगळ्या फिती कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या कंपनीला विकून टाकल्या. कंपनीनं त्या फोनवर चढवल्या. गायिका म्हणून नीतूचं नाव नाही, त्या जागी नुसतं 'लोककलाकार' आहे. शब्दांपुढं लिहिलंय 'पारंपरिक'. नीतूनं हे आईला वाचून दाखवलं होतं तेव्हा सुमित्राबाई मिरच्या निवडत होती. ती चौथी शिकलेली, अर्थ तिला चांगला कळला होता, पण थट्टा सोडेल ती सुमित्राबाई कसली. "हा पारंपरिक कोण होय वं? आपल्या बांधीत तं कधी दिसला नाई." मग मिरच्यांचे देठ तोडता तोडता म्हणाली, "चाव्यांची ओळ मी जोडली होती. तुझी आजी माझ्या बाजूच्याच पातीत होती तवा. चाव्या तिच्या कमरेलेच होत्या. आयकून गालातल्या गालात हासली बुढी, पण चाव्या नाई देल्ल्या."

आवाज बंद झालेल्या त्या मंगळवारी नीतूला आजीच्या कमरेच्या चाव्या आठवल्या आणि हातातलं अस्तर उलटं लागलं. आईची ओळ पारंपरिकच्या नावावर, आपला आवाज कंपनीच्या नावावर, आणि आपण आपल्याच गाण्यात आवाज मिसळला तर आपलंच तोंड बंद. तिला राग आला. पण राग तिच्या अंगाला फार वेळ चिकटत नाही, तिला लगेच काहीतरी करावंसं वाटतं. संध्याकाळी गजेंद्र शाळेतून आला. नवरा म्हणून तो साधा माणूस, भूगोल शिकवतो. तिनं मुका व्हिडिओ त्याच्यापुढं धरला आणि ऐकू येतंय का विचारलं. त्यानं चष्मा पुसला, मान इकडं तिकडं केली आणि म्हणाला, "मला तर येऊन राहिलं. मला पाठ आहे ना." त्या एका वाक्यानं नीतूला इतकं बरं वाटलं की तिनं त्याला दुसऱ्या दिवशी अर्धी सुटी टाकायला लावली आणि भोजराज वकिलाकडं नेलं. वकिलानं तो भोक पडलेला कागद उजेडाला धरला, ओळीवर बोट ठेवत दोनदा वाचला. "ताई, फीत त्यांची. त्या फितीवरचा आवाज त्यांचा. पण शब्द नि चाल तुम्ही यात कुठंच लिहून दिली नाही. तिन्ही कागद सारखेच आहेत." मग काय करायचं, असं गजेंद्रनं विचारलं. वकील म्हणाला, "काय करायचं म्हणजे? पुन्हा गायचं."

पुन्हा गायचं. एवढी साधी गोष्ट, आणि ऐकल्याबरोबर नीतू बोटांवर मोजायला लागली. तीन कॅसेटींची चोवीस गाणी. गोंदियात हिमांशूचा स्टुडिओ होता. आधी तो डीजे होता, त्यानं सरळ सांगितलं, "ताई, माझं लग्न, माझी गाडी, सगळं तुमच्या त्या गाण्यावर झालं. तुम्ही फक्त या." आणि ती जायला लागली. सकाळची शिवणं उरकून दुपारी स्टुडिओत, भिंतींना काळा स्पंज लावलेला, कानांवर मोठी यंत्रं, कानात ठेका धरायला एक ठक ठक. पहिल्या दिवशी हिमांशूनं तिला तिचाच जुना आवाज ऐकवला. एकोणीस वर्षांची ती पोरगी कसली गात होती, बारीक, टोकदार, कुठंही घुसणारी. आताचा आवाज भरलेला, त्यानं बावीस वर्षं भात खाल्लाय. नीतूला त्या पोरीचा जरा हेवा वाटला. एक-दोन दिवस तर ती तिची नक्कल करायला गेली आणि घसा बसवून घेतला. मग एका दुपारी तिसऱ्या कॅसेटमधलं मामाच्या गावच्या जत्रेचं गाणं म्हणताना तिच्या ध्यानात आलं की या ओळीत त्या पोरीचा श्वास संपत होता म्हणून ती तान तोडत होती, कला वगैरे काही नव्हती. आपला आता पुरतो. तिनं तान पुरी केली. काचेपलीकडं हिमांशूनं दोन्ही हात वर केले. त्या दिवसापासून तिला असं वाटायला लागलं की आपण त्या पोरीचं बोट धरून तिची राहिलेली कामं उरकतोय, आणि काय मजा आली म्हणता. रस्त्यानं चालताना गुणगुणायची, गिऱ्हाइकाचं माप घेताना गुणगुणायची, एका बाईचा गळा दोन बोटं मोठा कापला. महिन्याभरात तेवीस गाणी झाली. तेवीसही तिची.

चोविसावं होईना. ढोलकी चांगली, आवाज चांगला, बाकी सगळं चांगलं, पण धुऱ्याशी आलं की गाणं मरायचं. हिमांशूनं जुना धुरा मोजला होता, दोन पूर्णांक तीन सेकंद, आणि बरोबर तेवढीच जागा कापून ठेवली होती. सुमित्राबाई, सुशिलाबाई आणि जुन्यांतल्या दोघी तेवढ्यासाठी गावाहून आल्या, कानांवर ती यंत्रं घालून स्पंजासमोर उभ्या राहिल्या. थांबा म्हटलं की थांबल्या, होऽऽ म्हणा म्हटलं की म्हणाल्या. ऐकवल्यावर सुमित्राबाईनं तोंड वाकडं केलं. "हे तं लाइन गेल्यावानी वाटून राहिलं." खरंच तसंच वाटत होतं. नीतू त्या रात्री झोपली नाही असं म्हणायला पाहिजे, पण ती झोपली, चांगली घोरली आणि पहाटे उठून बसली ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन. हे एक गाणं आलं नाही तर बाकीची तेवीस कोण लावणार. लोक लग्नात जुनंच लावतील, कंपनीचंच, आणि आईची ओळ पारंपरिकच्याच नावानं वाजत राहील. सगळं ह्या एका थांबण्यावर अडून बसलंय आणि ते थांबणं आपल्याला थांबून येत नाही.

मग ती सगळ्यांना घेऊन त्याच राईस मिलमध्ये गेली, दुसरं काय करणार. मिलवाल्याच्या मुलानं नाव ऐकल्याबरोबर गोदाम उघडून दिलं. तेच छप्पर, तोच वास, नीतूच्या नाकानं बावीस वर्षं एका दमात आत ओढली. हिमांशूनं माईक काठीला बांधला. बाया वाकल्या आणि मागं मागं निघाल्या. पण आता प्रत्येकीला ठाऊक होतं की मागं कट्टे आहेत. सुशिलाबाई तर दर दोन पावलांना मान वळवून बघायची. "मोठी आई, मागं काऊन पाहता?" नीतू म्हणाली. "कंबर मोडाची आहे का माही? पन्नाशीची पाठ नाई आता, सत्तरीची आहे." तीनदा झालं, तिन्हीदा लाइन गेल्यासारखं. ज्या धुऱ्याची वाट बघायची तो धुरा कसला. दुपार झाली, भात आणि लाखोरीच्या डाळीचे डबे उघडले, मिलच्या आवारात आंब्याखाली पंगत बसली, सुशिलाबाईनं आपल्या सुनेची नक्कल करून दाखवली आणि हिमांशूला हसून हसून ठसका लागला. नीतूला जेवण गोड लागलं, पण मनात ती हरली होती. आणखी एकदा म्हणू आणि निघू, असं तिनं स्वतःला सांगितलं.

जेवण चाललं होतं तेव्हा मागच्या दारी ट्रक लागला होता आणि हमालांनी पुढच्या रांगेतले कट्टे भरून नेले होते. उंच थप्पी तशीच, फक्त दोन पावलं मागं सरकलेली. हे कुणी सांगितलं नाही आणि कुणी बघितलं नाही, पोट भरलेलं होतं. बाया वाकल्या. सुमित्राबाईनं सुरुवात केली, नीतूनं उचललं, ढोलकी लागली. चौथ्या खेपेला अंगाला जागा पाठ झाली होती, सुशिलाबाईनंही मान वळवली नाही. 'सासूबाईच्या चाव्या' म्हणाल्या आणि सगळ्यांनी पाठी टेकायला मागं झुकवल्या. मागं काही नव्हतं. आता पडतो की काय असं वाटून पाय आपोआप मागं गेला, तोंड तर गातच होतं, 'माझ्या' म्हणून गेलं, आणखी एक पाऊल, आणि मग धप्पकन बारदाना. पाठीला टोचलं. टाचेला धान लागलं. नीतूच्या सगळ्या अंगातून तो श्वास वर आला, तिनं आणला नाही. होऽऽ. पाचही जणींचा, आणि त्यात शेवटी सुशिलाबाईचं अर्धं हसू. मग 'कमरेले खोव'. गाणं संपलं तेव्हा नीतू कट्ट्यांना टेकून खाली बसली होती आणि रडत होती, आणि तिला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की मला इतका आनंद झालाय की काय करू कळत नाही.

हिमांशू मात्र डोकं खाजवत होता. धुरा चुकीच्या जागी आला होता. जुन्या गाण्यात 'चाव्या'वर थांबतं, हे 'माझ्या'वर थांबलं. "ताई, लोकांचं अंग ठरलेलं आहे. मांडवात सगळे फसतील. बोंब होईल." त्यानं तिथंच लॅपटॉप उघडला आणि तो श्वास उचलून जुन्या जागी ठेवून दाखवला, दोन मिनिटांचं काम. ऐकायला बरं वाटत होतं. कुणाला कळलं नसतं. नीतूनं ते ऐकलं, मग जसं झालं तसं ऐकलं, मग पुन्हा दोन्ही. बाया बारदान्यावर बसून तिच्या तोंडाकडं बघत होत्या. "मले तं हेच बरं वाटते," सुमित्राबाई म्हणाली, "आंधी चाव्या सासूच्या होत्या तवाच थांबत होतो. आता आपल्या झाल्यावर थांबलो." नीतूनं ठरवलं की आचलच्या हळदीत बघायचं. आचल तिच्या भावाची मुलगी, लग्न मे महिन्यात गोरेगावला. तिथं हे लावायचं, कुणाला काही सांगायचं नाही. लोकांनी जुनं लाव म्हटलं तर धुरा जुन्या जागी ठेवून द्यायचा. कुणी तसं म्हटलं नाही तर आहे तसं सोडायचं. तोवर गाणं हिमांशूकडंच राहील.

हळदीच्या दिवशी चार वाजता ऊन मांडवाच्या कापडातून पिवळं होऊन खाली येत होतं. आचल पाटावर, अंगभर हळद, पाहुणे पन्नास-साठ, खुर्च्यांवर पुरुष. भाऊ भुपेंद्र सरबत वाटत फिरत होता. नीतूनं डीजेवाल्याच्या हातात पेनड्राइव्ह दिला. गाणं सुरू झालं. कुणी मान वर करून बघितलं नाही, सगळे नाचायला उठले. तिचा आताचा आवाज, भरलेला, त्या कापडाखाली पसरला आणि कुणालाच वेगळा वाटला नाही, म्हणजे त्यांच्या कानातला आवाजही तिच्याबरोबरच मोठा झाला असावा. कुणी तरी तिचा हात धरून तिला मधे ओढलं. ती नाचायला लागली. नाचता नाचता विसरली, कशाला खोटं बोला. पहिलं कडवं, दुसरं कडवं, शेवटचं धृपद आलं, 'सासूबाईच्या चाव्या', आणि सगळा मांडव कमरेवर हात ठेवून, मान मागं टाकून थांबला. नीतूसुद्धा थांबली. बावीस वर्षांची सवय, अंग थोडंच विचारून वागतं. आणि तिच्या डोक्यावरून तिचाच आवाज तिला न विचारता पुढं निघून गेला, 'माझ्या' म्हणत.

पन्नास माणसं मान मागं टाकून उभी आणि गाणं चालू. काहींनी घाईनं हात सोडले, काही एकमेकांवर आदळले, एकाचं सरबत सांडलं. खुर्चीतून ईश्वरदास मामाचा आवाज आला, "बिघडलं गा हे, जुनं लाव." नीतू डीजेवाल्याकडं वळली. आणि तेवढ्यात धुरा आला. ढोलकी गेली, सगळं गेलं. मांडवात कुणाचा एक पाय हवेत, कुणाचा हात शेजारणीच्या खांद्यावर, आचलच्या गालावर कुणाचा तरी हळदीचा हात तसाच. त्या शांततेत फक्त दोघीजणी बरोबर जागी बरोबर उभ्या होत्या, सुमित्राबाई आणि सुशिलाबाई, कमरेवर हात, ताठ, सगळ्यांना फसवल्याच्या समाधानात. मग होऽऽ आलं, डब्यातून आलं आणि त्या दोघींच्या पोटातूनही आलं, आणि त्याच्या शेपटाला मोठ्या आईचं ते अर्धं हसू ऐकू आलं. मांडव फुटला. इतकं हसले लोक की 'कमरेले खोव' कुणाला ऐकूच आलं नाही. भुपेंद्र रिकामा ग्लास घेऊन खाली बसला. ईश्वरदास मामा खुर्ची सरकवून उठला, गुडघे चोळत मधे आला आणि डीजेवाल्याला म्हणाला, "परत लाव. आता मी धरतो धुरा."

परत लागलं. या खेपेला निम्मे फसले. नीतू एका बाजूला गेली, हिमांशूला फोन लावला आणि त्या गोंगाटात ओरडून सांगितलं की जसं आहे तसं टाक, हात लावू नको, चोवीसच्या चोवीस. मग तिनं त्याला शब्दांपुढं काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं आणि फोन आईच्या कानाला लावला. सुमित्राबाईनं दुसऱ्या कानात बोट घातलं. तिचे ओठ हलत होते, पलीकडून येणारं आपलं नाव ती मागोमाग म्हणत होती, सगळं, नवऱ्याच्या नावासकट. तिनं ते दोनदा वाचायला लावलं. मग फोन परत दिला आणि हळदीच्या हातानं डोळे पुसले, त्यामुळं ते आणखीच झोंबले. "मंग त्या पारंपरिकले सांग म्हणा," ती म्हणाली, "जाय बाप्पा आता घरी."

डीजेवाला तिसऱ्यांदा लावत होता. नीतूनं फोन पदराच्या टोकाला बांधला, पदर कमरेला खोचला आणि आईच्या शेजारी उभी राहून पहिला पाय मागं टाकला.